तारप्याची रात्र

बालगंधर्वांना मिळालेल्या ‘वन्समोअर’च्या आठवणी आपल्याकडे अजूनही फराळाच्या ताटाभोवती निघतात. पेठ-जव्हारच्या डोंगरपट्टीतही भातकापणीनंतर असाच वाद रंगतो, पण तो तारप्याचा! कोणाची चाल सरस, कोणत्या रात्री पहाटेपर्यंत फेर मोडला नाही, याचा.

शहरी रसिकाला तारपा ठाऊक असतो तो बहुधा चित्रातला. डहाणूकडील जिव्या सोमा मशे (२०११ चे पद्मश्री) यांनी रंगविलेला नर्तकांचा सर्पिल फेर अप्रतिमच, परंतु मुका. दुध्या भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडपानांचा कर्णा, एवढ्या सामग्रीतून वादक गाल फुगवून, श्वास न तोडता सूर धरून ठेवतो. चाल बदलली की पावले बदलतात. पावले सैल पडली की चाल बदलणे त्याला भाग पडते. टीकाकार येथे पायांनी बोलतो, आणि तोही तत्काळ.

म्हणूनच रंगमंचावरचा पाच मिनिटांचा तारपा मला अपुरा वाटतो. वादक तोच, दमही तोच. समोर मात्र खुर्च्या. असाच एक कार्यक्रम आटोपल्यावर मंडळी बाहेरच्या मोकळ्या जागेत जमली आणि तीच चाल पुन्हा लागली. निम्मे प्रेक्षक तोवर घरी गेले होते.