गोंगाट मिसळला म्हणजे कॉकपिट झालं का?

बडनेरा स्टेशनवर मालगाडी धडधडत जात असताना कुणाशी फोनवर बोलून बघा. नकळत तुम्ही ओरडायला लागता. आवाज नुसता मोठा होत नाही, पट्टी चढते, स्वर लांबतात. यालाच लोंबार परिणाम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये तो मांडला.

आज हे सांगायचं कारण, लढाऊ विमानासाठी 'बोलून आज्ञा' देण्यावरचे बरेच प्रयोग मला पटत नाहीत. पद्धत साधारण अशी: शांत खोलीत, खुर्चीत बसलेल्या विद्यार्थ्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्यात इंजिनाचा गोंगाट संगणकावर मिसळायचा आणि अचूकतेचा आकडा छापायचा. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. पण यात गोंगाट तेवढा बदलतो, बोलणारा माणूस शांतच राहतो!

खरा वैमानिक मास्क लावून बोलतो. जोरदार वळणात शरीराचं वजन कित्येक पट वाटतं. शुद्ध हरपू नये म्हणून तो पोट-पाय आवळून, श्वास रोखून धरतो. अशा वेळी शब्द निघेल तरी कसा? स्वीडनच्या ग्रिपेन विमानासंबंधी २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: जी-भार वाढला तशी ओळख बिघडली. श्वासाच्या आवाजाचं वेगळं मॉडेल जोडल्यावर ती बरीच सुधारली.

युरोफायटर टायफूनमध्ये ही सोय प्रत्यक्ष आहे. यंत्रणा प्रत्येक वैमानिकाचा आवाज आधी शिकून घेते, त्यामुळे उच्चारांचा प्रश्न बराच सुटतो. तरीही शस्त्र डागणं, चाकं उतरवणं ही कामं तिच्याकडे दिलेली नाहीत. मला हा शहाणपणा वाटतो. अचूकता ९८ टक्के धरली, तरी पन्नासातली एक आज्ञा चुकणार. रेडिओचा चॅनल चुकला तर पुन्हा सांगता येतं. बाकी चुकांचं काय?

नाशिकजवळ ओझरला एचएएलने सुखोई-३० एमकेआय बनवली. उद्या अशा विमानात ही सोय आणायची झाली, तर आवाज आपल्याच वैमानिकांचे हवेत, तेही उड्डाणातले. निदान जी-भार देणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधले तरी.

म्हणून पुढच्या वेळी असा पेपर हाती आला, की टक्केवारीआधी एवढंच शोधा: बोलणारा बसला कुठे होता?