पडद्यावरची माय कुठल्या गावची?

परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ साली आला. त्यात दादासाहेब फाळके झाले होते नंदू माधव, आमच्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळत नाही. जिथे जावं तिथे नकार. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवून उभं करावं लागतं. ही १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट. फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या आणि सिनेमापुरता तो प्रश्न सुटायला लागला. आमच्या जिल्ह्यापुरता तो शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही, असं मला वाटतं.

बीडच्या माणसाला आपल्याकडचे नट विचारा, उत्तर चटकन येतं. नंदू माधव आहेत, माजलगावचे संदीप पाठक आहेत. मराठवाड्याची बोली घराघरांत पोचवणाऱ्या मकरंद अनासपुरेंना तर जिल्हा आपलाच मानतो. मग अभिनेत्री विचारा. माणूस थांबतो. बराच वेळ थांबतो. आणि तरीही याच जिल्ह्यात पडद्यावरच्या आईसाठी, सासूसाठी, थोरल्या जावेसाठी बायकांनी जेवढे डोळे पुसले तेवढे नायिकेसाठी क्वचितच पुसले असतील. त्या भूमिका करणाऱ्या बाहेरून आल्या होत्या. अंबाजोगाईच्या दूरदर्शन मनोऱ्यावरून त्या आमच्या घरांत शिरल्या आणि राहिल्या. चेहरे पाठ झाले, नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक. चरित्र अभिनेत्रीच्या कलेचं मराठीत काय झालं, हे तपासायला त्यामुळे बीड ही वाईट जागा नाही.

आशालता वाबगावकरांपासून सुरुवात करतो, कारण या कलेची ताकद आणि तिची कुचंबणा, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण दिसतात. जन्म १९४१चा, गाव गोव्यातलं. १९६४ साली द गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं. पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत, पराशराच्या भूमिकेत रामदास कामत, आणि सत्यवती आशालता. म्हणजे सुरुवात नायिकेपासून, तीही गाणाऱ्या नायिकेपासून. त्या नाटकातली त्यांची पदं आजही मैफलींत गायली जातात. पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या तेव्हा पुस्तकाचं नावसुद्धा त्यातल्याच एका पदावरून घेतलं: 'गर्द सभोवती'.

सिनेमाने मात्र हा गळा वापरला नाही. १९८० साली बासू चटर्जींनी शरदबाबूंच्या 'निष्कृती'वरून 'अपने पराये' केला, तेव्हा आशालता चाळिशीच्या उंबऱ्यावर होत्या. अमोल पालेकर, शबाना आझमी, उत्पल दत्त, गिरीश कर्नाड अशी नटमंडळी. आशालतांकडे थोरल्या जावेची भूमिका: आजारी, भाबडी, कुणीही कान भरावेत आणि तिने लगेच विश्वास ठेवावा अशी बाई. ही भूमिका सहज विनोदी होऊ शकली असती, नाहीतर रडकी. आशालतांनी तिला दोन्हींपासून वाचवलं. धाकट्या जावेवर चिडताना त्यांच्या आवाजातली माया पूर्ण जात नाही. ती शिल्लक राहते म्हणून पुढचा पश्चात्ताप खरा वाटतो. आवाजाचं हे वजन संगीत नाटकात घासून आलेलं आहे. शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा, हे गाणाऱ्या नटीला जितकं कळतं तितकं इतरांना कळायला वेळ लागतो.

पण त्यानंतर काय झालं? 'उंबरठा'सारखा एखादा अपवाद सोडला तर हिंदी आणि मराठीत मिळून शंभरावर चित्रपट, आणि त्यांतल्या बहुतेकांत नायकाची नाहीतर नायिकेची आई, मावशी, काकू, आजी. पटकथेत या बाईला इच्छा नसते. ती दुसऱ्याची वाट बघते, दुसऱ्यासाठी रडते, दुसऱ्याच्या लग्नाला उभी राहते. यातल्या कितीतरी भूमिका मुळात पातळ होत्या, आणि तशाच भूमिका वर्षानुवर्षं केल्या की कसलेल्या नटीच्याही हालचाली ठरावीक होत जातात. पदराचं टोक डोळ्यांना, हात देवाकडे, मान खाली. आशालतांच्या उत्तरार्धातही हे दिसतं. त्याचा दोष मी त्यांच्यावर ठेवणार नाही. ज्या बाईने सत्यवती गायली तिला तीस वर्षं एकच सूर लावायला सांगितला, तो सांगणाऱ्यांचा दोष आहे.

वयाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभ बच्चनची आई झाल्या. प्रत्यक्षात त्या त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. १९९९च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागू संजय दत्तची आई, आणि वयात अंतर जेमतेम एका वर्षाचं. नायक पन्नाशीपर्यंत नायक राहतो. त्याच्या बरोबरीची नटी चाळिशीला आली की त्याची आई होते. मग तीच आईपणाची वर्षं लांबत जातात आणि त्यालाच आपण दीर्घ कारकीर्द म्हणून टाळ्या वाजवतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान १९६७पासून दिला जातो. सहायक अभिनेत्रीला वेगळा पुरस्कार मिळायला १९८४ उजाडलं. तो पहिला पुरस्कार रोहिणी हट्टंगडींनाच मिळाला, 'पार्टी'साठी.

रेखा कामतांचा प्रवास यापेक्षाही लांब. १९५२च्या 'लाखाची गोष्ट'मध्ये राजा परांजपेंनी रेखा आणि चित्रा या दोन बहिणींना एकदमच पडद्यावर आणलं. पन्नासहून अधिक वर्षांनी २००४ साली केदार शिंदेंच्या 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये रेखाताई होत्याच. मधल्या काळात मराठी सिनेमा गदिमांकडून तमाशापटांकडे, तिथून दादा कोंडक्यांकडे, मग विनोदी लाटेकडे गेला. या प्रत्येक लाटेत नायक-नायिका बदलले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बाई तीच राहिली. सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं लाटांची नोंद घेतात, दारातल्या त्या बाईची घेत नाहीत.

समीक्षाही घेत नाही. मराठी चित्रपट-परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद आठवून पाहा. कथा, दिग्दर्शन, नायक, नायिका, संगीत, छायालेखन झालं की एका ओळीत अमुक आणि तमुक यांनी चांगली साथ दिली असं लिहून मोकळं व्हायचं. साथ म्हणजे नेमकं काय केलं? समोरचा पानभर बोलत असताना ऐकायचं कसं, हे या नटीला ठरवावं लागतं. कॅमेरा तिच्याकडे चार सेकंद येतो. त्या चार सेकंदांत प्रेक्षकाला कळलं पाहिजे की हिला हे आधीपासून ठाऊक होतं. भाकरी थापताना बोलायचं असेल तर थापेचा ताल आणि वाक्याचा ताल एकमेकांत अडकू द्यायचा नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे ज्यांनी उभी केली त्या सुलभा देशपांडे 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये सासू होतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला संवाद फारसे नाहीत. पण सुनेची बाजू आपल्याला कळते हे त्या नजरेने सांगतात, आणि त्या घरात नायिकेचा एकटेपणा किती आहे हे आपल्याला त्या नजरेमुळे मोजता येतं. याला साथ म्हणणं अपुरं आहे. याच्यासाठी शब्द घडवणं हे समीक्षेचं काम होतं आणि आम्ही ते केलं नाही.

दूरचित्रवाणीने या बायकांना रोजचं काम दिलं, ही मोठी गोष्ट. उषा नाडकर्णी 'माहेरची साडी'तल्या सासूमुळे खेड्यापाड्यांत शिव्याशाप खाऊन मोठ्या झाल्या होत्या. तो १९९१चा चित्रपट पाहायला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आल्याचं आमच्याकडे अजून सांगतात. 'पवित्र रिश्ता'ने त्यांना पुन्हा देशभर नेलं. रोहिणी हट्टंगडींनी 'चार दिवस सासूचे' दहा वर्षांहून जास्त काळ पेललं. रोजच्या मालिकेचं गणित मात्र वेगळं आहे. बारा तासांची शिफ्ट, दिवसावर मानधन, आणि ते हातात यायला साधारण नव्वद दिवस. पटकथेचा ट्रॅक वळला की आजीला गावी पाठवतात आणि त्या महिन्याचे दिवस कमी होतात. सीन सकाळी हातात पडतो, संध्याकाळपर्यंत चित्रित होऊन जातो. भूमिकेचा विचार करायला वेळ नसतो, म्हणून आधी घासून ठेवलेलंच बाहेर काढावं लागतं. रंगभूमीवर घडलेल्या पिढीकडे ते घासलेलं पुष्कळ होतं. थेट मालिकेतच उभी राहणारी पुढची पिढी ते कुठून आणणार, याची मला खरी काळजी वाटते.

२०२० साली करोनानंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा राज्य सरकारच्या नियमावलीत पासष्ट वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. एका सत्तर वर्षांच्या नटाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. रोजंदारीवर पोट असणाऱ्याने घरी बसून जगायचं कसं, हा त्याचा सवाल होता. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. निकाल योग्यच होता. वय बघून काम नाकारणं अन्यायाचंच. त्यानंतर दीड महिन्याने, २२ सप्टेंबर २०२० रोजी, आशालता वाबगावकर साताऱ्यात करोनाने गेल्या. वय ७९. 'आई माझी काळुबाई' या मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्या तिथे होत्या. छप्पन्न वर्षांपूर्वी सत्यवती गायलेली बाई शेवटपर्यंत कामावर होती.

आता आमच्या अंगणात येतो. पडद्यावरच्या या माया बोलत होत्या ती भाषा आमच्या मायांची नव्हती. मालिकांचं खेडं असतं कोल्हापूरचं नाहीतर साताऱ्याचं. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडचं, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडचं. मुंबई-पुण्याहून तिथे जाणं सोपं, हे कारण मला समजतं. पण त्यामुळे मराठवाड्यातली बाई पडद्यावर आलीच तर हसवायला येते. मपलं-तुपलं म्हटलं की प्रेक्षागृहात हशा. याच बोलीत आमच्याकडे बायका पोरगं दगावल्याचं सांगतात, कर्जाचं सांगतात, नवऱ्याला दम देतात. अनासपुरेंनी ही बोली राजकीय उपहासासाठी वापरून तिला धार दिली, ती पुरुषाच्या तोंडची. त्याआधी लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली. त्यांत बायकाही होत्या आणि त्या त्यांनी विलक्षण बारकाईने केल्या. पण मराठवाडी स्त्रीचा रंगमंचावरचा सर्वांत गाजलेला आविष्कार एका पुरुषाचा आहे, हे लक्षात घेतलं की फाळके आणि अण्णा साळुंके आपल्यापासून फार दूर वाटत नाहीत.

सिनेमाने वाट दाखवली नाही असं नाही. राजेश पिंजानींच्या 'बाबू बँड बाजा'मधल्या आईसाठी मिताली जगताप-वराडकरांना २०१०चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. शिवाजी लोटन पाटलांच्या 'धग'साठी उषा जाधवांना तोच पुरस्कार २०१२चा. दोन्ही गरीब घरच्या आया, दोन्ही पटकथेच्या मध्यभागी. दारातली बाई उंबरा ओलांडून पुढे आली तर काय होतं, हे इथे दिसलं. उषा जाधवांच्या आईला कष्ट आहेत तसा हट्टही आहे, आणि त्या हट्टाने सिनेमा पुढे सरकतो. तीन वर्षांत असे दोन पुरस्कार मिळाल्यावर अशा भूमिका लिहिणाऱ्यांची रांग लागायला हवी होती. ती लागली नाही. 'फँड्री'तली आई करणाऱ्या छाया कदमांना सगळ्या देशाने नावाने ओळखावं म्हणून २०२४च्या कान महोत्सवापर्यंत थांबावं लागलं.

बीडला द्यायला कथा नाहीत असं कुणी म्हणू नये. दर दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर, आणि व्यवहार मुकादम व नवऱ्यात. २०१९ साली या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. या आकड्यांवर बातम्या झाल्या, माहितीपट झाले. पहाटे तीनला फडात उतरणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी, मुकादमाशी हिशेबाला भांडणारी पस्तिशीची बाई एखाद्या मोठ्या अभिनेत्रीला आयुष्यभर पुरेल अशी भूमिका आहे. तिला कोल्हापुरी ठसक्यात बोलायला लावून चालणार नाही.

आणि ती करू शकतील अशा मुली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या महाविद्यालयांतल्या मुली एकांकिकांत उभ्या राहतात. उच्चार स्वच्छ, शरीर मोकळं, बोली अंगात मुरलेली. पदवीच्या शेवटच्या वर्षानंतर त्या दिसत नाहीत. त्यांच्याबरोबरची मुलं रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून मुंबईला जातात, चौघांत एक खोली करून राहतात, वर्ष-दोन वर्षं ऑडिशन देत फिरतात. घरचे कुरकुरतात पण पैसे पाठवतात. मुलीला अशी दोन वर्षं देणारं घर आमच्याकडे अजून विरळा. छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे, पण तिथून पुढे काम हवं तर गाडी गोरेगावलाच जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा जरी निर्मात्यांनी येऊन निवड केली, मुलींच्या राहण्याची नीट सोय असलेली एखादी शिष्यवृत्ती जरी असली, तरी यातल्या काही जणी टिकतील. टिकल्या तर पंधरा-वीस वर्षांनी त्या चाळिशीच्या आसपास असतील, आणि मराठी सिनेमा नटीला आई करतो तो याच वयात. तोपर्यंत त्यांच्या हाती देण्यासारखी माय कुणीतरी लिहून ठेवायला हवी.