न लिहिलेला शब्द

अमेरिकन राज्यघटनेविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे लेखन एका सोयीस्कर गृहीतकावर उभे आहे. तत्त्वे थोर होती, माणसे तोकडी पडली; संहिता निर्मळ होती, व्यवहार मलिन झाला, असे हे गृहीतक. ते मुळातूनच तपासले पाहिजे. ज्याला व्यवहाराचा मळ म्हटले जाते तो संहितेच्या वाक्यरचनेतच मुरलेला आहे, आणि तो तिथे अनवधानाने आलेला नाही.

१७७६ च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान असल्याचे स्वयंसिद्ध सत्य म्हणून सांगितले. ते लिहिणारा थॉमस जेफर्सन आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचा मालक होता, हे आता सर्वश्रुत आहे. पण तिथेच थांबणे म्हणजे एका माणसाच्या चारित्र्यावर खापर फोडून मोकळे होणे. त्याहून बोलका आहे तो मसुद्यातून गळालेला परिच्छेद. त्यात जेफर्सनने गुलामांच्या व्यापाराचे पाप इंग्लंडच्या राजाच्या माथी मारले होते. काँग्रेसने तो काढून टाकला. साऊथ कॅरोलायना व जॉर्जिया यांना तो खपला नाही, आणि उत्तरेतील काहींचेही हात या व्यापारात गुंतलेले होते, अशी नोंद खुद्द जेफर्सनने करून ठेवली आहे. समतेचे वाक्य राहिले. गुलामीचे नाव घेणारा मजकूर, तोही दुसऱ्यावर ढकललेला, गेला.

१७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली गेली तेव्हा हे मौन अधिक कसबी झाले. संपूर्ण संहितेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही नाही. गुलाम मात्र जागोजाग आहेत. प्रतिनिधींची संख्या ठरवताना मुक्त माणसे पूर्ण मोजायची आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन पंचमांश. राज्यांना ज्या ‘व्यक्ती’ आत घेणे योग्य वाटेल त्यांची आयात १८०८ पूर्वी काँग्रेसने बंद करायची नाही. हे कलम त्या सालापर्यंत घटनादुरुस्तीनेही बदलता येणार नाही, अशी तजवीज वेगळी. आणि ‘सेवेला वा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळाली तर तिला मालकाच्या हवाली करायचे. ‘व्यक्ती’ हा शब्द इतका स्वच्छ वापरून माणसाची इतकी विटंबना क्वचितच कुठे झाली असेल.

तीन पंचमांशाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. गुलामाला अपुरा माणूस मोजला, हा अन्याय, असे म्हटले जाते. खरे तर गुलामांना पूर्ण मोजावे असा हट्ट दक्षिणेचा होता, कारण मत गुलामाला नव्हतेच. त्याच्या डोक्यावर वाढणाऱ्या जागा मालकांच्या पदरात पडणार होत्या. १७९० च्या शिरगणतीत देशातील सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते, त्यांपैकी २ लाख ९२ हजारांवर एकट्या व्हर्जिनियात. ज्यांना बोलण्याचा अधिकार नाही त्यांच्या संख्येवर इतरांनी सत्ता उभी करावी, हा हिशेब आपल्या वाचकाला परका नाही.

जेम्स मॅडिसनने ठेवलेल्या टिपणांवरून हे मौन कसे घडवले गेले ते दिसते. माणसात मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत मान्य करणे चूक ठरेल, असे तो स्वतः सभेत बोलला. शेवटच्या दिवसांत ‘दास्य’ हा शब्द काढून ‘सेवा’ घातला गेला, कारण पहिला गुलामांची स्थिती दर्शवतो आणि दुसरा मुक्त माणसांचे कर्तव्य. पळून जाणाऱ्यांच्या कलमातून ‘कायद्याने’ हा शब्दही हलवला. गुलामी नैतिक दृष्ट्या कायदेशीर आहे असा भास नको, म्हणून. व्यवस्था ठेवायची, तिचा वास तेवढा येऊ द्यायचा नाही. गोड नावे बहाल करून माणसाला जिथल्या तिथे ठेवण्याची ही विद्या आपणही अंगावर सोसलेली आहे.

मॅडिसनची टिपणे १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि गुलामीविरोधी चळवळीत वाद पेटला. विल्यम लॉइड गॅरिसनचे म्हणणे, ही घटना गुलामीशी केलेला करार आहे. १८५४ च्या ४ जुलैला त्याने मॅसॅच्युसेट्समध्ये तिची प्रत जाहीरपणे जाळली. दहनाचा अर्थ महाडच्या वारसदारांना समजावून सांगायला नको. परंतु फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून १८३८ साली निसटला होता आणि आधी गॅरिसनच्याच मताचा होता, १८५१ साली उघडपणे वेगळा झाला. त्याचा युक्तिवाद असा की बंद दाराआड कोणाच्या मनात काय होते त्याला कायदा म्हणत नाहीत. जे लिहिले आहे ते वाचा. तिथे गुलाम हा शब्द नाही, तर मग गुलामीला आधारही नाही. मालकांनी लाजेपोटी सोडलेली जागा त्याने त्यांच्याविरुद्ध वापरली.

हे वाचन इतिहास म्हणून पटणारे नाही. टिपणे समोर असताना घटनाकारांचा हेतू नाकारता येत नाही. तरीही डग्लसचे पारडे आम्हाला जड वाटते, कारण १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी हेतूचेच शस्त्र उपसले: जाहीरनाम्यातील समतेत काळे अभिप्रेत नव्हतेच, म्हणून ते नागरिक होऊ शकत नाहीत. संस्थापकांच्या मनात काय होते याविषयी गॅरिसन आणि टॉनी यांचे एकमत असावे, ही हेतुवादी समीक्षेची शोकांतिकाच म्हटली पाहिजे.

‘गुलामी’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीत, तिचा अंत करण्यासाठी. आणि आला तोही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवून. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. फिलाडेल्फियाच्या सभेबद्दल नव्हे. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यतेचे नाव सरळ घेतले आहे, त्याची व्याख्या मात्र दिलेली नाही. या फरकावर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे.

जाहीरनाम्याचे खरे वाचक पहिल्यापासून त्याच्या बाहेर ठेवलेले लोक होते. १७७७ सालीच प्रिन्स हॉल आदी काळ्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे नैसर्गिक हक्कांच्या भाषेत मुक्ती मागितली. १७९१ साली बेंजामिन बॅनेकर या काळ्या पंचांगकर्त्याने जेफर्सनला त्याचेच शब्द पत्रातून परत पाठवले; सौजन्याचे उत्तर आले, गुलाम सुटले नाहीत. आणि ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्या १९६६ च्या दहा कलमी कार्यक्रमाच्या शेवटी जेफर्सनचा तोच मजकूर आहे, जुलमी सरकार उलथून टाकण्याच्या हक्कासकट.