श्रमदान की वेठ?

चंद्रपूर-गडचिरोलीत श्रमदानावर बोलायचं, तर आधी 'वेठ' आठवावी लागते. जंगलातल्या माणसानं जमीनदाराची वेठ सोसली, जंगलखात्याच्या साहेबाचीही सोसली. काम फुकट इथंही आणि तिथंही. मग फरक कशात?

१२ एप्रिल १९१९, शनिवारची रात्र. मॉस्कोच्या एका रेल्वे डेपोत १५ कामगार कामावर थांबले. १३ पक्षाचे, दोन सहानुभूतीदार. पहाटेपर्यंत राबून त्यांनी तीन इंजिनं दुरुस्त केली, मजुरी घेतली नाही. शनिवारच्या या कामाला 'सुब्बोतनिक' नाव पडलं. लेनिननं त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. त्याचा मुद्दा असा, की उपाशी कामगार स्वतःच्या घरासाठी नव्हे, तर कधी न पाहिलेल्या माणसांसाठी राबतो, तिथं साम्यवाद सुरू होतो. हा विचार मला आजही मोठा वाटतो. पण त्यात एक उणीव आहे. आलेल्या माणसाचं मोल त्यानं ओळखलं. न येणाऱ्याच्या हक्काचा विचार केला नाही. पुढे लेनिनच्या जयंतीच्या सुमारास हा दरवर्षीचा रिवाज झाला. नाव ऐच्छिक, पण घरी बसायची सोय उरली नाही.

आपल्याकडे १९६७ साली बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तरुण आपणहून आले, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या जोडीनं मातीत राबले. तिथं नकार शक्य होता, म्हणून होकाराला किंमत होती.

आता माझी कबुली. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात. शिबिरात मी हजेरी घेत होतो. एका मुलानं विचारलं, "सर, नाही आलो तर?" मी म्हणालो, "मार्क जातील." म्हणालो खरं, पण हातातली वही मला मुकादमाची वाटली.

आपली राज्यघटना याबाबत अधिक प्रामाणिक आहे. कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला देतं, पण तिला सक्तीच म्हणतं. सक्ती कधी गरजेची असेलही. तिला दान म्हणणं, ही मात्र लबाडी.

तेव्हा गावात श्रमदानाची दवंडी आली, की किती जण आले हे मोजू नका. जो आला नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी गाव कसं बोलतं, तेवढं बघा.