लाल सदरा आणि चक्रवाढ व्याज

आमच्या शाखेत माझ्याबद्दल दोन मते आहेत. पहिले मत असे, की मी कामात चोख आहे, पण मधूनमधून छताकडे पाहत बसतो. दुसरे मत असे, की मी छताकडे पाहण्यात चोख आहे, पण मधूनमधून काम करतो. दोन्ही मतांमागचे कारण एकच आहे. मी ‘स्टार ट्रेक’चा भक्त आहे. भक्त हा शब्द मी जपून वापरतो आहे. रसिकाला एखादी मालिका आवडते तेव्हा तो ती बघतो. भक्त ती पाठ करतो, आणि ज्यांनी विचारलेले नाही अशांना ऐकवतो. पासबुक भरून घ्यायला आलेल्या कितीतरी निरपराध माणसांना मी मिस्टर स्पॉकचे कान का टोकदार आहेत हे समजावून दिले आहे. मशीन हळू चालते हे खरे, पण ती माणसे परत आली की शेजारच्या काउंटरवर का जातात, याचे दुसरेही कारण असावे असा मला अलीकडे संशय येतो.

पण भक्ताने आयुष्यात एकदा तरी दैवताचा हिशेब तपासावा. मी बी.कॉम. आहे. सेकंड क्लास, पण ऑडिटिंगमध्ये चांगले मार्क होते. तेव्हा हे ऑडिट.

सुरुवात झाली १९८०च्या दशकात. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. मी सहा-सात वर्षांचा. चाळीतल्या आमच्या मजल्यावर एकच टीव्ही, तोही शेजारच्या काकूंकडे, कृष्णधवल, लाकडी दारांचा. दार उघडले की आम्ही वीस-बावीस जण जमिनीवर, आणि मागे उभे आमचे दादा. दादा गोदीत टाइमकीपर होते. त्यांना इंग्रजी टाइमकीपरला लागते तेवढे येई, म्हणजे लेट, अ‍ॅबसेंट आणि हाफ डे. एवढ्या भांडवलावर ते अख्ख्या मालिकेचे मराठीत भाषांतर करीत.

“हा साहेब,” ते कॅप्टन कर्ककडे बोट दाखवून सांगत. “हा हेडक्लार्क. कान बघ. असे कान असल्याशिवाय साहेबाचं सगळं ऐकू येत नाही.” हा स्पॉक. “हा डॉक्टर. औषध देत नाही, मेला एवढंच सांगतो.” हा मॅकॉय. “आणि हा फिटर. मशीन चालणार नाही म्हणतो आणि मग चालवतो.” हा स्कॉटी. पुढे इंग्रजी समजू लागल्यावर मी सगळी मालिका पुन्हा पाहिली. संवाद दादांचे बहुतेक चुकले होते. माणसे एकही चुकली नव्हती.

दादांचा एकच आक्षेप होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही. “जहाज सोडून कप्तान असा खाली उतरत नाही.” गोदीतला माणूस, त्याला जहाजे ठाऊक. आज बँकेत बावीस वर्षे काढल्यावर मला तो आक्षेप अधिकच पटतो. आमच्याकडे स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. ‘एंटरप्राइझ’वर कसला अनोळखी ग्रह दिसला रे दिसला, की कॅप्टन, त्याच्या खालोखालचा स्पॉक आणि डॉक्टर तिघेही एकदम खाली! वर शाखा कोणाच्या जिवावर? तर स्कॉटीच्या. मॅनेजर, अकाउंटंट आणि कॅशियर एकाच रिक्षात बसून शेजारच्या गल्लीत काय आवाज झाला ते बघायला गेले, आणि चाव्या जनरेटरवाल्याकडे देऊन गेले, असे समजा. आमचा ऑडिटर यावर तीन पाने लिहील.

बरे, ही माणसे खाली उतरतात कशी? विरघळतात आणि खाली पुन्हा तयार होतात. मला वाटायचे, केवढी ही वैज्ञानिक झेप! पुढे वाचनात आले, की ही झेप काटकसरीतून आली. दर आठवड्याला एवढे मोठे जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवायचे तर खर्च परवडेना, म्हणून माणसेच विरघळवली. हे कळल्यावर माझा आदर दुणावला. प्रवासभत्ता वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याचे अणू सुटे करायचे, ही कल्पना आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही.

मालिका सुरू केली जीन रॉडनबेरी नावाच्या गृहस्थाने. तो आधी महायुद्धात वैमानिक आणि मग लॉस एंजेलिसला पोलीस खात्यात. पहिला भाग अमेरिकेत एनबीसीवर दाखवला गेला ८ सप्टेंबर १९६६ रोजी. तीन वर्षे, ७९ भाग, आणि बंद. खरे तर ती दोन वर्षांतच बंद पडायची, पण प्रेक्षकांनी पत्रांचा असा मारा केला, की १ मार्च १९६८ला वाहिनीला पडद्यावर जाहीर करावे लागले, की बाबांनो, मालिका चालू राहणार आहे, आता पत्रे पुरे. माझ्या दृष्टीने या मालिकेतला सर्वांत अद्भुत प्रसंग हाच. हेड ऑफिसने पत्रांची दखल घेतली! पण नंतरचे ऐका. पुढच्या हंगामात मालिकेची वेळ झाली शुक्रवारी रात्री दहा. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी असेल कशाला? म्हणजे अर्ज मंजूर झाला आणि बदलीची ऑर्डरही हातात पडली. आपण ज्या जगात नोकरी करतो तेच हे जग, अशी माझी तेव्हा खात्री पटली.

आता लाल सदऱ्याचे. कोणाही जाणकाराला विचारा, तो सांगेल, की ग्रहावर उतरलेल्या मंडळींत ज्याचा सदरा लाल आणि नाव ठाऊक नाही, तो पहिल्या जाहिरातीच्या आत जाणार. लाल सदरा म्हणजे यंत्रखाते आणि सुरक्षाखाते. जगभर यावर विनोद झाले. पण आम्हा चाळकऱ्यांना यातले काहीच माहीत नव्हते. काकूंच्या टीव्हीवर सगळ्यांचेच सदरे करडे. त्यामुळे कोण जाणार याचा पत्ता लागायचा नाही. कोणीही पडला तरी धक्का बसायचा, आणि दादा हळहळत, “बिचारा, टेम्पररी असणार.” पुढे रंगीत संच आला, आणि माझ्या लक्षात आले, की मी त्या माणसांकडे बघायचेच सोडून दिले आहे. सदरा बघतो आणि मनातल्या मनात खाते बंद करतो. लेखकांनी केलेला हा आळस रंगाने उघडा पाडला, आणि आम्हा प्रेक्षकांना तोच आळस लावला. ऑडिटच्या भाषेत, ही पद्धतीतली त्रुटी आहे.

दुसरी त्रुटी नावांची. १९६७च्या एका भागात शतकानुशतके झोपलेला एक महाबलाढ्य पुरुष जागा होतो. नाव, खान नूनियन सिंग. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ बाई त्याच्याकडे बघून सांगते, की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. काम केले होते रिकार्डो माँटलबान या मेक्सिकन नटाने, आणि केले होते झकास. पण हा गृहस्थ खाते उघडायला माझ्या काउंटरवर आला, तर केवायसी कशी करू? नाव एका कागदावरचे, आडनाव दुसऱ्या, चेहरा तिसऱ्या. १९७९च्या चित्रपटात मात्र त्यांनी चूक दुरुस्त केली आणि अस्सल माल घेतला, आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा. डोक्याचा पूर्ण गोटा करून ती एंटरप्राइझवर गेली. तेव्हापासून अंतराळात आपला माणूस आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

तारखांबद्दल बोलायलाच नको. बहुतेक भागांत कॅप्टन लॉगबुक सांगतो आणि त्यात एक ‘स्टारडेट’ असते. भाग ज्या क्रमाने दाखवले गेले त्या क्रमाने या तारखा मांडून पाहा. पुढची मागे, मागची पुढे. असे डे-बुक मी लिहिले असते, तर माझे इन्क्रिमेंट थांबले असते.

पण एक भाग असा आहे, की तिथे ऑडिटर हात जोडतो. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’, डिसेंबर १९६७, लेखक डेव्हिड जेरोल्ड. ट्रिबल म्हणजे केसाळ लिंबाएवढा प्राणी. खातो आणि वाढतो. धान्याच्या कोठारात ते शिरतात, आणि स्पॉक आकडा सांगतो: १७,७१,५६१. गृहीत काय, तर सुरुवातीला एक ट्रिबल, प्रत्येकाला दर वेताला दहा पिल्ले, दर बारा तासांनी नवी पिढी, मुदत तीन दिवस. सर्वसामान्य प्रेक्षक हसून पुढे जातो. मी कागद घेतला. तीन दिवस म्हणजे सहा मुदती. मुद्दल एक, व्याज दर मुदतीला हजार टक्के, चक्रवाढ. एकाचे अकरा, अकराचे एकशे एकवीस, मग १३३१, १४,६४१, १,६१,०५१ आणि शेवटी १७,७१,५६१. टॅली! एका पैशाची तफावत नाही. रात्री पावणेबारा वाजता मी उठून टाळ्या वाजवल्या, तेव्हा आमच्या हिने झोपेतच विचारले, “बोनस झाला का?”

एकच सूचना आहे. स्पॉकने बुडीत खात्यांची तरतूद केलेली नाही, एकही ट्रिबल मेला नाही असे धरले आहे. पण कथेचा शेवटही हिशेबी आहे. धान्यातच विष असते, ते खाऊन ट्रिबल मरतात आणि त्यातून अफरातफर उघडकीस येते. इतकी शास्त्रशुद्ध तपासणी मी टीव्हीवर दुसरी पाहिलेली नाही.

इथेच लेख संपवून मी सुखाने झोपलो असतो. पण घरात एक दुसरी ऑडिटर आहे. आमची कन्या, वय सोळा. गेल्या मे महिन्यात तिला मी हौसेने सगळे भाग दाखवायला बसवले. उहुरा तिला आवडली. निशेल निकोल्स ही काळी अभिनेत्री १९६६ साली जहाजाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसली, हे केवढे! ती मालिका सोडणार होती तेव्हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला सोडू नको म्हणून सांगितले, असे तिने पुढे स्वतः सांगितले आहे. हे सगळे मी कन्येला ऐकवले. ती ऐकत गेली, आणि आम्ही शेवटच्या भागाशी आलो. ३ जून १९६९. त्यात एक बाई कर्कच्या देहात शिरून कॅप्टन होऊ पाहते, कारण स्त्रियांना जहाजाचे कॅप्टन होता येत नाही असे त्या भागात चक्क म्हटले आहे.

“बाबा,” कन्या म्हणाली, “तेविसाव्या शतकात?”

“ते १९६९ साली लिहिलंय गं.”

“मग कानांचं काय सांगता एवढं? कान पुढे गेले, डोकी मागेच राहिली.”

मी गप्प बसलो. आमच्या शाखेच्या मॅनेजर बाई आहेत. दोन्ही किल्ल्यांचा नियम त्यांनी एकदाही मोडलेला नाही. त्या कर्कपेक्षा चांगल्या कॅप्टन आहेत, हे मी शपथेवर सांगेन. मी बचाव म्हणून एवढेच सांगितले, की १९६६च्या शीर्षकातल्या निवेदनात ‘पुरुष’ अशा अर्थाचा शब्द होता, तो १९८७च्या नव्या मालिकेत बदलून ‘कोणीही’ असा केला. म्हणजे दुरुस्तीची नोंद एकवीस वर्षांनी का होईना, पण टाकली. ती म्हणाली, “मूळ चूक खोडलेली नाही ना?” नाही. वह्यांत खाडाखोड करायची नसते. चूक दिसत ठेवायची आणि खाली दुरुस्ती लिहायची. हे बोलताना मला वाटले, भक्ती करण्याचीही हीच पद्धत बरी.

मग आम्ही पुन्हा मागे जाऊन एक भाग पाहिला. मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मार्च १९६७चा, ‘द डेव्हिल इन द डार्क’. खाणीत एक दगडी राक्षस कामगारांना मारतो आहे. खाणप्रमुखाच्या टेबलावर एक दगडी गोळा पडलेला आहे, तसे हजारो गोळे खाली सापडले आहेत. काकूंच्या टीव्हीवर हा भाग लागला तेव्हा गोळा दिसताक्षणी मागून दादा म्हणाले होते, “अरे, ती अंडी आहेत. ती आई आहे.” सगळे हसले. इंग्रजी येणारे आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर फारच हसले. आणि शेवटी निघाली अंडीच! खाणकामगार ती नकळत फोडत होते, म्हणून ती मारत होती. मारायला गेलेली माणसे शेवटी तिच्याशी करार करतात. तिची पिल्ले बोगदे खणतील, माणसे खनिज गोळा करतील. दोन्ही पक्षांना फायदा, कोणाचे खाते बंद नाही. दादा त्या दिवशी चहा न घेताच घरी आले आणि आईला म्हणाले, “त्यांच्यातही कोणीतरी विचारतं बघ, तू मारतेस का म्हणून.” भाषांतर एकदाच पूर्ण बरोबर आले होते, तेही शब्द न कळता.

दादांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. कर्कचे काम करणारा विल्यम शॅटनर ऑक्टोबर २०२१मध्ये वयाच्या ९०व्या वर्षी खरोखरच अंतराळात जाऊन आला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की ही बातमी दादांना सांगायला हवी होती. ते काय म्हणाले असते तेही मला ठाऊक आहे: “निवृत्तीनंतर गेला ना? मग जाऊ दे. जहाज सोडून नाही गेला.”

तर कन्या बघत होती. गोळा टेबलावर दिसला. मी न राहवून विचारले, “हे काय असेल?”

“पेपरवेट,” ती म्हणाली.

मी तोंड घट्ट मिटून बसलो. भक्ताला एवढे कष्ट कधी पडले नसतील. चाळीस मिनिटांनी उलगडा झाला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं! सांगितलं का नाही?”

“मला एकाने आधीच सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“कोणी?”

मग मी तिला दादांबद्दल सांगू लागलो. हेडक्लार्कच्या कानांपासून सुरुवात केली. ती शेजारच्या काउंटरवर गेली नाही.