‘उमजलेले’ आणि ऐकलेले

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम बसविला आणि त्याला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. पुढे त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि आमच्या भागातील गानरसिकांना भांडायला कायमचे निमित्त मिळाले. या नावातील ‘मला’ हा शब्द नम्रतेचा आहे असे पुष्कळांना वाटते. मला तो समीक्षकाचा वाटतो. ‘बालगंधर्वांची गाणी’ एवढेच नाव असते तर ती नक्कल ठरली असती किंवा श्रद्धांजली. ‘मला उमजलेले’ म्हटल्याबरोबर तो एका गायकाने दुसऱ्या गायकावर गाऊन दिलेला अभिप्राय झाला. अभिप्राय म्हटला की त्याची तपासणी आलीच.

या वादाला आमच्या परिसराची पार्श्वभूमी आहे. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक होते. कुमारांचा जन्म १९२४ चा, अळणावरहून लोंढा-बेळगावमार्गे मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सुळेभावीचा. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, घरची भाषा कानडी. म्हणजे मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या स्वराचे मर्म सांगण्याचे काम एका कानडी घरातील मुलाने केले, आणि ते बरोबर सांगितले की नाही यावर आम्ही मराठी आणि कानडी माणसे एकाच बाकावर बसून हुज्जत घालीत आलो. धारवाडची मैफल ऐकून रात्रीच्या गाडीने परतताना सुरू झालेली चर्चा अळणावरच्या फलाटावरही संपत नसे.

वादातील पहिला पक्ष ठरलेला. ‘तुम्ही बालगंधर्वांना नाटकात ऐकलेले नाही,’ एवढ्या एका वाक्यावर तो उभा असे. बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. त्यांचा ऐन बहराचा काळ त्याहून कितीतरी आधीचा. मी या चर्चांत शिरलो तेव्हा त्यांना रंगमंचावर ऐकलेले मोजके वृद्ध हयात होते, आणि त्यांच्या या वाक्यापुढे बाकीच्यांना गप्प बसावे लागे. दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांच्यापाशी फक्त जुन्या तबकड्या होत्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते; नाटकात ‘वन्स मोअर’ घेत घेत जे पद कितीतरी वेळ रंगे, ते तेवढ्यात कोंबावे लागे. तरुणांचे म्हणणे असे की तबकडीत जे मावले नाही ते कुमारांनी उलगडून दाखविले. वृद्धांचे म्हणणे असे की जे नाटकात होते ते कुमारांत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे असावेत. पण वृद्धांचे विधान तपासता येत नसे आणि तरुणांचे येई, हा फरक लहान नव्हे.

याच सुमारास एका परिचित गृहस्थांनी या ध्वनिमुद्रिकेवर तीन पानी अभिप्राय लिहिला. वही आमच्यात हातोहात फिरली. ‘स्वरांचे चांदणे’, ‘आत्म्याचा आर्त हुंकार’, ‘काळजाला हात घालणारी तान’ असा सगळा थाट होता. वही परत आली तेव्हा समासात, कोणाच्या तरी बारीक अक्षरात, पेन्सिलीने एकच शब्द तीन ठिकाणी लिहिलेला होता : ‘कोठे?’ लेखक रागावले. मला मात्र त्या अनामिक शेरेबहाद्दराचा हेवा वाटला. सरकारी टिप्पणीत पृष्ठक्रमांक दिल्याशिवाय विधान करता येत नाही. गाण्यावर लिहिताना ती शिस्त अरसिकपणाची का मानावी?

मराठीत अशी शिस्त आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून घराण्यांना त्यांच्यामध्ये जागा दिलेल्या आहेत : किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर समतोलाच्या ठिकाणी. या मांडणीवर पुष्कळांनी आक्षेप घेतले. जयपूरला मधले मानाचे आसन देण्यात लेखकाची आवड डोकावते, ही शंका मलाही येते. पण ती मांडणी चूक ठरवायची तर गाण्यातला पुरावा द्यावा लागतो, आणि हाच तिचा गुण. ‘काळजाला हात’ खोटा कसा ठरवणार? पु. लं.नी कुमारांवर जिव्हाळ्याने लिहिले. त्यांच्या लेखणीत माणूस आणि गाणे एकजीव होऊन येत. त्यांच्या मागून लिहिणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या हाती त्यातला जिव्हाळा तेवढा उरला आणि गाणे निसटले.

‘प्रत्यक्ष ऐकायला हवे होते’ हे अस्त्र आता माझ्या पिढीच्या हाती आले आहे. मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ मध्ये गेले. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले ते आता साठी ओलांडून बसले आहेत. ध्वनिमुद्रण ऐकून एखाद्या तरुणाने काही विचारले की आम्ही लगेच मैफलीचा दाखला काढतो. वास्तविक मन्सूरांच्या बाबतीत हा दाखला सर्वांत लंगडा आहे. त्यांची मांडणी मुळातच आटोपशीर. फार प्रस्तावना न करता ते बंदिशीला हात घालीत, आणि एका स्वरवाक्यातून दुसरे अशी न तुटणारी साखळी ओवीत समेवर येत. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूची वीस-बावीस मिनिटे अशा गायकीला अपुरी पडत नाहीत. भीमसेनांच्या संथ बढतीला ती पडतात, आणि बालगंधर्वांना साडेतीन मिनिटे पडली त्याला तर तोड नाही. म्हणजे मैफलीचा दाखला कोठे चालेल आणि कोठे नाही, हेसुद्धा गायकागणिक ठरवावे लागेल. सरसकट वापरला की तो पुढच्या श्रोत्याचे तोंड बंद करण्याचे साधन होतो. ज्यांच्यापाशी ध्वनिमुद्रणाखेरीज काहीच असणार नाही, अशा श्रोत्यांच्या हाती हे गाणे आपण सोपवीत आहोत.

आता कुमारांच्या त्या अभिप्रायाकडे परत येतो. ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली भास्करबुवांच्या. त्यांतील अनेक पदांच्या मागे बंदिशी उभ्या आहेत. ख्यालगायक असलेल्या कुमारांना पदाखालची ती बंदिश ऐकू येते आणि ते आपल्यालाही ती ऐकवतात. पदाच्या आडून राग डोकावतो. त्यांची छोटी, झेपावणारी स्वरवाक्ये आणि मधले विराम यांना क्षयाच्या दुखण्यानंतरच्या श्वासाची मर्यादा कारण असेल. पण त्या विरामांत बालगंधर्वांची लय किती नेमकी होती हे उघडे पडते. एवढे दाखविणारा लेख मराठीत माझ्या वाचनात नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे. बालगंधर्व ही पदे रुक्मिणी म्हणून गात, ‘मानापमान’मध्ये भामिनी म्हणून, ‘एकच प्याला’मध्ये सिंधू म्हणून. त्यांच्या तबकडीतही शब्द कोणाला तरी उद्देशून येतो. एखादे संबोधन समोरच्या पात्राकडे वळल्यासारखे किंचित खाली उतरते. कुमारांत तो शब्द रागाकडे वळतो. त्यांना गायक उमजला. रुक्मिणीपाशी ते फारसे थांबले नाहीत. ‘मला’ या शब्दाने त्यांना तशी मुभा आहे, हे मान्य. पण बालगंधर्वांमधून रुक्मिणी वगळली तर उरतो तो भास्करबुवांचा एक फार गुणी शिष्य.

हे मत मी आमच्या मंडळींपुढे मांडले तेव्हा एका कानडीभाषक स्नेह्यांनी आक्षेप घेतला. त्यांनी नाटक पाहिलेले नाही, संहिता वाचलेली नाही. ते म्हणाले, ‘रावसाहेब, रुक्मिणी तुम्हाला तबकडीत ऐकू येत नाही, ती तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. मला तिथेही गायकच ऐकू येतो.’ मी त्यांना संबोधनाची जागा सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि मान हलविली, होकारार्थी नव्हे. आता ‘स्वयंवर’मधील पदे आधी कुमारांची आणि लगेच बालगंधर्वांची अशी लागोपाठ लावायची ठरली आहेत. जागा मी आधी सांगायची नाही, अशी त्यांची अट आहे.