अनुबंधाधिष्ठित दाम्पत्य-समुपदेशन आणि लैंगिक निकटता : समुपदेशक-प्रशिक्षणाची चिकित्सा (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना

दाम्पत्यातील कलह आणि लैंगिक जीवनातील अडचणी हे दोन वेगळे विषय आहेत, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. कलहासाठी कुटुंब न्यायालय, महिला समुपदेशन केंद्र किंवा वडीलधारी मंडळी. लैंगिक तक्रारीसाठी डॉक्टर अथवा जाहिरातबाज वैदू. अनुबंधाधिष्ठित दाम्पत्य-समुपदेशन ही विभागणी नाकारते. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील समुपदेशकांना या पद्धतीचे प्रशिक्षण देताना तिच्यातील काय स्वीकारावे आणि कोठे सावध राहावे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सैद्धान्तिक बैठक

मूल आणि संगोपन करणारी व्यक्ती यांच्यातील भावनिक बंध ही जगण्याची मूलभूत गरज आहे, हा विचार जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळातील आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथातून मांडला. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी तो प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. त्याच दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनाकेंद्री दाम्पत्य-उपचारपद्धती विकसित केली. एक जोडीदार जाब विचारत राहतो, दुसरा गप्प होऊन दूर जातो. या चक्राच्या मुळाशी द्वेष नसून नाते तुटण्याची भीती असते, हे या पद्धतीचे मुख्य प्रतिपादन होय. प्रथम चक्र शमविणे, मग नवा बंध घडविणे आणि अखेरीस तो दृढ करणे, असे तिचे तीन टप्पे आहेत. जॉन्सन यांनी २००८ च्या ‘होल्ड मी टाइट’ या ग्रंथात लैंगिक निकटतेचा विचार याच चौकटीत केला आहे. भावनेपासून तुटलेला समागम, केवळ आश्वासनासाठी केलेला समागम आणि सुरक्षित नात्यातून येणारा समागम असा भेद त्या करतात.

हा भेद उपयुक्त असला तरी निर्विवाद नाही. एस्थर पेरेल यांनी २००६ मध्ये याच्या उलट भूमिका मांडली. त्यांच्या मते कामेच्छेला काहीसे अंतर आणि अनोळखीपण लागते. अतिनिकटता तिला मारक ठरू शकते. प्रशिक्षणात हा वाद झाकून ठेवू नये.

मराठी परंपरा आणि परिभाषेचा प्रश्न

मराठीत या विषयाची परंपरा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यासाठी त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. कर्वे यांचा भर शास्त्रीय माहितीवर आणि व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, सुखाच्या हक्कावर होता. अज्ञान दूर झाल्यावरही जोडप्यांमधील दुरावा का टिकतो, या प्रश्नाकडे अनुबंध-विचार वळतो. या अर्थाने तो कर्वे यांच्या कार्याला पूरक आहे. त्याला पर्याय मात्र नाही.

परिभाषेचीही अडचण आहे. मूळ संज्ञेसाठी ‘आसक्ती’ हा शब्द वापरल्यास संतपरंपरेतील त्याचा त्याज्य अर्थ आपोआप पुढे येतो. ज्याची गरज मान्य करायची तेच सोडावयाचे, असा संदेश जातो. म्हणून येथे ‘अनुबंध’ हा शब्द योजिला आहे. शिवाय यवतमाळमध्ये वऱ्हाडीबरोबरच बंजारा, कोलामी आणि गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. भीती, लाज आणि ओढ यांसाठी त्या त्या बोलीतील शब्द समुपदेशकाला ठाऊक नसतील, तर भावनेवर आधारलेली पद्धत भावनेपर्यंत पोहोचणारच नाही.

यवतमाळच्या संदर्भातील मर्यादा

पहिली मर्यादा आर्थिक आहे. कापूस पिकविणाऱ्या या कोरडवाहू जिल्ह्यात कर्जाचा आकडा पत्नीपासून लपविणारा पती गप्प असतो. त्याच्या मौनाला ‘टाळणारा अनुबंध’ असे नाव देणे सोपे आहे. परंतु त्या मौनाचे कारण बालपणात शोधण्याआधी ते सावकाराच्या वहीत शोधावे लागेल.

दुसरी मर्यादा शारीरिक आहे. स्त्रिया ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणतात, पुरुष ‘धात जाते’ म्हणतात. धातविषयक चिंतेचे स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून वर्णन एन. एन. विग यांनी १९६० मध्येच केले होते. अशा तक्रारीत नात्याचे दुःख दडलेले असू शकते; पण ती केवळ रूपक मानणे घातक ठरेल. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. संबंधाच्या वेळी वेदना होत असतील, तर प्रथम तपासणी आणि नंतर समुपदेशन, हाच क्रम योग्य होय.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. ही पद्धत दोघांनाही मन मोकळे करण्यास सांगते. जिथे मारहाण चालू आहे तिथे पतीसमोर व्यक्त केलेली भीती त्याच्या हातातले शस्त्र बनते. चालू हिंसाचारात ही पद्धत वापरू नये, असे तिचे प्रवर्तकही सांगतात. आपल्याकडे मात्र ‘संसार वाचला’ हेच समुपदेशनाच्या यशाचे प्रमाण मानण्याची प्रवृत्ती आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ याने हिंसाचाराच्या व्याख्येत लैंगिक छळाचाही समावेश केला आहे. त्याच्या २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला मुभा नाही. या तरतुदी लक्षात न घेता दोघांच्या ‘चक्रा’ची समान जबाबदारी शिकविली, तर मार खाणारी स्त्रीच दोषाची वाटेकरी ठरेल.

प्रशिक्षणाची दिशा

या विवेचनातून प्रशिक्षणाचा क्रम ठरतो. संयुक्त बैठकीपूर्वी पती-पत्नींशी स्वतंत्र संवाद साधून हिंसा आणि संमती यांची चौकशी करावी. वैद्यकीय तपासणीसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ग्रामीण रुग्णालये यांच्याशी नियमित संपर्क ठेवावा. एकत्र कुटुंबात जोडप्याला एकांत किती मिळतो, सासू-सासऱ्यांची संमती कोठवर लागते, याची नोंद घ्यावी. भावनाकेंद्री प्रशिक्षणात बैठकांच्या चित्रफिती तपासून पर्यवेक्षण करण्याचा प्रघात आहे. लहान गावात ओळख उघड होण्याचा धोका मोठा असल्याने येथे लेखी टिपणे आणि प्रत्यक्ष पर्यवेक्षण अधिक सुरक्षित ठरेल. समाजकार्य महाविद्यालयांतील क्षेत्रकार्य हा त्याचा स्वाभाविक आधार होऊ शकतो.

समारोप

अनुबंधाधिष्ठित पद्धतीचे मोल हे की, लैंगिक सुख आणि भावनिक विश्वास यांना ती एकाच नात्याची दोन अंगे मानते. तथापि सुरक्षित अनुबंध ही सल्ल्याने देता येणारी वस्तू नाही. नाते सोडण्याचे स्वातंत्र्य ज्या स्त्रीला आहे, तिच्याच ‘राहण्या’ला निवडीचा अर्थ प्राप्त होतो. यवतमाळमधील प्रशिक्षणाचा आरंभ तंत्रापासून न होता या जाणिवेपासून व्हावा.